पाच टक्के गरिबीचा दावा आणि आकडेवारीची कसोटी

भारतात 2019 साली अतिगरीब किती होते, या प्रश्नाची दोन उत्तरे एप्रिल 2022मध्ये लागोपाठ प्रसिद्ध झाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एका कार्यपत्रिकेत सुरजित भल्ला, करण भसीन आणि अरविंद विरमानी यांनी ते प्रमाण 0.8 टक्के असल्याचे मांडले. जागतिक बँकेच्या कार्यपत्रिकेत सुतीर्थ सिन्हा रॉय आणि रॉय व्हॅन डर वाइड यांनी ते 10.2 टक्के काढले. देश तोच, वर्ष तेच आणि रेषाही तीच, दरडोई रोजी 1.90 डॉलरची. तरी दोन उत्तरांत सुमारे तेरा कोटी माणसांचा फरक पडला.

हा फरक अभ्यासकांच्या हट्टातून पडलेला नाही. त्या काळासाठी सरकारी पाहणीच हाताशी नव्हती. पहिल्या गटाने 2011-12ची जुनी पाहणी घेऊन ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबांतल्या वाढीच्या दराने पुढे नेली आणि त्यात स्वस्त व मोफत धान्याचे मूल्य मिळवले. दुसऱ्याने मुंबईच्या सीएमआयई या खासगी संस्थेच्या पाहणीला डागडुजी करून ती वापरली. त्या खासगी पाहणीतून सर्वांत गरीब घरे निसटतात, हा आक्षेप ज्याँ द्रेझ आणि अनमोल सोमंची यांनी 2021मध्येच नोंदवला होता.

तरीही गेल्या काही वर्षांत एक ठाम विधान रूढ झाले आहे: भारतातली गरिबी पाच टक्क्यांच्या आत आली, वाद मिटला. फेब्रुवारी 2024मध्ये नीती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी ते केले आणि नंतर बँकांच्या अहवालांतून व अग्रलेखांतून ते फिरत राहिले. गरिबी घटली आहे, यात शंका नाही. वीज, शौचालय, गॅस, रस्ता, मोबाइल हे बदल खेड्यापाड्यांत डोळ्यांना दिसतात. प्रतिवाद आहे तो वाद मिटल्याच्या दाव्याशी. हा दावा ज्या आकड्यांवर उभा आहे, ते आकडे एवढा भार पेलू शकत नाहीत.

रेषा कोणी ओढली, कशावरून ओढली

गरिबीची टक्केवारी तीन पायांवर उभी असते: रेषा, पाहणी आणि महागाईचा निर्देशांक. यांतला एक पाय हलला तरी टक्केवारी हलते.

रेषेचा इतिहास मुंबई-पुण्याशी जवळून जोडलेला आहे. दादाभाई नौरोजी यांनी 1876मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे भारताच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. 1867 ते 1870 या काळातले दरडोई वार्षिक उत्पन्न त्यांनी 20 रुपये काढले आणि माणसाला जगायला किती लागते, हे ठरवताना तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्याचा आधार घेतला. त्यांचा सगळा हिशेब सरकारच्याच प्रशासकीय अहवालांतला होता. त्या अहवालांत जिल्ह्यांच्या सरासऱ्यांची नुसती बेरीज करून तिला जिल्ह्यांच्या संख्येने भागले जाई आणि कोणत्या जिल्ह्यात किती क्षेत्र, किती पीक, याचा विचारच नसे, ही चूकही त्यांनी दाखवून दिली. सरकारी आकडा टाकून न देता तो तपासायचा, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

पुढे 1921-22मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली गिरणगावातल्या अडीच हजारांच्या आसपास कामगार कुटुंबांचे महिन्याचे जमाखर्च गोळा केले. कामगाराच्या ताटात येणारे धान्य तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या धान्यापेक्षा कमी आहे, हा त्या अहवालाचा निष्कर्ष गाजला. जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती, हेही त्यात नोंदवले गेले. कामगारांच्या संसाराचे हिशेब सरकारला घेता येत नाहीत, असे म्हणायला त्यानंतर जागा उरली नाही.

स्वातंत्र्यानंतर वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून 1971मध्ये रोजच्या 2250 उष्मांकांवर आधारलेली रेषा मांडली. त्या हिशेबाने 1960-61मध्ये खेड्यांतले 40 टक्के आणि शहरांतले 50 टक्के लोक गरीब ठरले. 1979मध्ये अलघ कार्यगटाने ग्रामीण भागासाठी 2400 आणि शहरांसाठी 2100 उष्मांकांचे माप घेतले. 2009मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांचे माप सोडून शिक्षण आणि आरोग्यावरचा खर्चही रेषेत धरला. त्या रेषेने 2011-12मध्ये 21.9 टक्के लोक गरीब ठरले. 2014मध्ये रंगराजन समितीने रेषा वर नेली आणि त्याच वर्षासाठी, त्याच पाहणीतून 29.5 टक्के हे उत्तर आले. म्हणजे रेषा थोडी सरकताच नऊ-दहा कोटी माणसे गरिबीत आली किंवा गरिबीबाहेर गेली.

पाच टक्के कोणत्या रेषेखाली?

तेंडुलकर रेषा 2011-12मध्ये खेड्यात दरमहा दरडोई 816 रुपये आणि शहरात 1000 रुपये होती. पाच माणसांच्या शहरी कुटुंबाला महिन्याला 5000 रुपये. त्यात भाडे, शाळा, दवाखाना, लोकल किंवा एसटीचे तिकीट, चूल, कपडालत्ता असे सगळे आले. याच रेषेच्या जुन्या किमतींतले दिवसाला 32 आणि 26 रुपये हे आकडे 2011मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढच्या प्रतिज्ञापत्रात आले, तेव्हा देशभर संताप उसळला होता.

आजचे पाच टक्के याच रेषेला महागाईची भर घालून येतात. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी 2025मध्ये 2023-24साठी ग्रामीण गरिबी 4.86 आणि शहरी गरिबी 4.09 टक्के असल्याचा अंदाज दिला. त्यासाठी धरलेली रेषा खेड्यात महिन्याला 1632 आणि शहरात 1944 रुपये होती. पाच माणसांचे शहरी कुटुंब महिन्याला 9720 रुपयांहून जास्त खर्च करत असेल, तर या हिशेबात ते गरीब नाही. मुंबई, ठाणे, पुणे इथे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कोणत्याही घराने हा हिशेब स्वतः करून पाहावा. ज्या रेषेने 2011मध्ये लोक संतापले, तीच रेषा 2024मध्ये विजयाचा पुरावा म्हणून पुढे केली जात आहे.

जागतिक बँकेचा दाखलाही अर्धाच दिला जातो. जून 2025मध्ये बँकेने अतिगरिबीची रेषा रोजी 3 डॉलरवर नेली आणि भारतासाठी 2022-23चे प्रमाण 5.3 टक्के दिले. हे डॉलर क्रयशक्तीचे असतात. त्यांतला एक डॉलर भारतात ढोबळमानाने वीस-एकवीस रुपयांचा, म्हणजे रेषा दिवसाला साठ-बासष्ट रुपयांची. पण हीच बँक भारतासारख्या निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी 4.20 डॉलरची रेषा वापरते आणि त्या रेषेखाली भारतात 23.9 टक्के लोक आहेत. दोन्ही आकडे एकाच संस्थेचे, एकाच पाहणीवरचे. पहिला छापायचा आणि दुसरा गाळायचा, याला आकडेवारीचा आधार म्हणत नाहीत.

पाहणी बदलली की तुलना बदलते

राष्ट्रीय नमुना पाहणी 1950मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने सुरू झाली. तिचे काम असे चालते: अन्वेषक निवडलेल्या घरी जातो आणि चारशेच्या आसपास वस्तूंची यादी घेऊन बसतो. तांदूळ किती, ज्वारी किती, तूरडाळ, गोडेतेल, चहापत्ती, रॉकेल, रिचार्ज, औषधे, चपला. किती आणले, किती रुपयांचे, रेशनचे किती, घरच्या शेतातले किती. प्रत्येक वस्तूमागे कालावधी असतो. गेल्या तीस दिवसांत तेल किती आणले, असे विचारले तर आठवडी बाजारातून पाव-पाव किलो आणणारी बाई अंदाजाने सांगते आणि काही खेपा विसरते. गेल्या सात दिवसांतले विचारले तर ती नेमके सांगते. त्यामुळे घरातला खर्च तसूभर न वाढताही नुसत्या प्रश्नाचा कालावधी बदलला की कागदावरचा खर्च वाढतो आणि गरिबी घटते.

हे 1999-2000मध्ये प्रत्यक्ष घडले. त्या फेरीत खाद्यपदार्थांसाठी सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा, असे दोन्ही प्रश्न एकाच घराला शेजारी-शेजारी विचारले गेले. एका उत्तराचा परिणाम दुसऱ्यावर झाला. गरिबी 26.1 टक्क्यांवर आल्याचे जाहीर झाले आणि त्या आकड्याची आधीच्या फेऱ्यांशी तुलना करता येते का, यावर अर्थतज्ज्ञांचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

2022-23च्या पाहणीत बदल याहून मोठे आहेत. एकाच भेटीत भरायची प्रश्नावली तीन भागांत वाटली गेली आणि अन्वेषक तीन वेगवेगळ्या महिन्यांत त्याच घरी गेला. वस्तूंची यादी बदलली. गावे आणि घरे निवडण्याची पद्धत बदलली. या सुधारणा चांगल्या असू शकतात. लांबलचक मुलाखतीला कंटाळून माणूस उत्तरे उरकतो, ही अडचण तीन भेटींनी कमी होते. पण 2011-12पासून झालेल्या वाढीतला किती भाग घरातल्या खर्चाचा आणि किती भाग नव्या पद्धतीचा, हे जुनी आणि नवी पद्धत सोबत चालवल्याखेरीज सांगता येत नाही. संख्याशास्त्राचा हा प्राथमिक नियम आहे. 2022-23मध्ये ग्रामीण भागात दरमहा दरडोई खर्च 3773 आणि शहरात 6459 रुपये निघाला. तो 2011-12शेजारी ठेवून सरळ वजाबाकी करणाऱ्याने हा नियम मोडलेला असतो.

दडवलेली फेरी

2011-12 आणि 2022-23 यांच्या मधली एक फेरी झाली होती. 2017-18मध्ये पाहणी पूर्ण झाली, पण निकाल जाहीर झाले नाहीत. नोव्हेंबर 2019मध्ये ते एका वृत्तपत्रातून फुटले. 2011-12च्या तुलनेत दरडोई वास्तव खर्च 1501 रुपयांवरून 1446 रुपयांवर, म्हणजे 3.7 टक्क्यांनी घसरल्याचे त्यातून दिसले. सरकारने माहितीच्या दर्जाचे कारण देऊन पाहणी प्रसिद्ध न करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षीच्या जानेवारीत राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या दोन सदस्यांनी राजीनामे दिले होते. त्यांच्या नाराजीचे एक कारण असलेला, तेव्हा अडलेला रोजगाराचा अहवाल लोकसभा निवडणूक आटोपल्यावर, 31 मे 2019 रोजी, बाहेर आला. त्यात बेरोजगारी 6.1 टक्के होती.

दर्जा वाईट असलेली पाहणी रोखणे योग्यच, असे समर्थन केले जाते. ते टिकत नाही. पाहणी सदोष असेल तर ती सर्व कच्च्या माहितीसह खुली करायची आणि दोष दाखवून द्यायचे, ही पद्धत आहे. 1999-2000च्या फेरीचे तसेच झाले. दोष असूनही ती प्रसिद्ध झाली, म्हणूनच जगभरच्या अभ्यासकांना ती दुरुस्त करून वापरता आली. अडचणीचा निकाल आला की दर्जा वाईट आणि सोयीचा आला की दर्जा उत्तम, असा समज एकदा पसरला की पुढचा खरा आकडाही संशयाने पाहिला जातो. 2022-23च्या पाहणीत प्रामाणिकपणे राबलेल्या हजारो अन्वेषकांवर यात अन्याय होतो.

24.82 कोटींचा हिशेब आणि 81 कोटींचा

दुसरा गाजलेला आकडा बहुआयामी गरिबीचा, म्हणजे खर्चाऐवजी आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान पाहून मोजलेल्या गरिबीचा. 2013-14 ते 2022-23 या नऊ वर्षांत 24.82 कोटी लोक गरिबीबाहेर आले आणि प्रमाण 29.17वरून 11.28 टक्क्यांवर आले, असे नीती आयोगाने जानेवारी 2024मध्ये जाहीर केले. या दोन्ही वर्षांत मुळात त्यासाठीची पाहणीच झालेली नाही. आधार आहे तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2005-06, 2015-16 आणि 2019-21च्या फेऱ्यांचा. त्यांच्यातला घटीचा वेग धरून 2013-14चा आकडा मधल्यामध्ये बसवला आणि 2022-23चा पुढे ताणला. प्रत्यक्ष मोजलेली घट 2015-16मधल्या 24.85 टक्क्यांवरून 2019-21मधल्या 14.96 टक्क्यांपर्यंतची आहे. ती स्वतःच मोठी आहे आणि तिला ताणण्याची गरज नव्हती. शिवाय महाराष्ट्र आणि गोव्यातल्या मुलाखती 2019मध्ये, कोरोनाच्या आधी झाल्या. टाळेबंदीत बंद पडलेली कामे आणि पायी गावाकडे निघालेली कुटुंबे त्या हिशेबात येऊच शकत नाहीत. या निर्देशांकात बँक खाते असणे हा एक निकष आहे. खाते उघडले की त्या खान्यापुरते घर सुधारले, मग खात्यात शंभर रुपये असोत वा शून्य.

जुलै 2025मध्ये आणखी एक दावा आला: उपभोगातली विषमता मोजणाऱ्या 25.5 या गिनी गुणांकामुळे भारत जगातला चौथा समताधिष्ठित देश ठरतो. इतर अनेक देशांचे गुणांक उत्पन्नावर काढलेले असतात. श्रीमंत माणूस सगळे उत्पन्न खर्च करत नाही, म्हणून खर्चातली विषमता नेहमीच उत्पन्नातल्या विषमतेहून कमी दिसते. ज्या टिपणातून हा आकडा उचलला, त्यातच जागतिक बँकेने माहितीच्या मर्यादांमुळे विषमता कमी दिसत असण्याची शक्यता नोंदवली होती आणि उत्पन्नाचा गुणांक 2004मधल्या 52वरून 2023मध्ये 62वर गेल्याचा जागतिक विषमता विदागाराचा अंदाजही दिला होता.

चूक एकाच बाजूने होते असे नाही. 81 कोटी लोकांना मोफत धान्य मिळते, म्हणजे देशात 81 कोटी गरीब आहेत, हा विरोधकांचा आवडता युक्तिवाद तितकाच पोकळ आहे. अन्नसुरक्षा कायदा 2013ने खेड्यांतले 75 टक्के आणि शहरांतले 50 टक्के लोक व्याप्तीत घेतले. व्याप्ती मुद्दाम मोठी ठेवली, कारण नेमके गरीब शोधण्याच्या नादात खरे गरीब वगळले जातात, हा आधीचा अनुभव होता. 81 कोटी ही 2011च्या जनगणनेवरून निघालेली कायद्याची मर्यादा आहे. ती गरिबांची गणना समजणे चूक आहे. याच आकड्याचा खरा दोष वेगळा आहे: 2021ची जनगणना न झाल्याने वाढलेल्या लोकसंख्येतली कोट्यवधी माणसे या व्याप्तीबाहेर राहिली.

राबणाऱ्या घराचा जमाखर्च कुठे सापडतो

गरिबीरेषा फक्त खर्च पाहते. राबणारे घर मात्र उत्पन्न, कर्ज आणि आजारपण यांच्या कात्रीत असते. घरातल्या माणसाच्या शस्त्रक्रियेसाठी सावकाराकडून किंवा बचत गटातून पन्नास हजार उचलले, तर इस्पितळाचे बिल त्या वर्षीच्या उपभोगखर्चात धरले जाते. पाच माणसांच्या घरात दरमहा दरडोई आठशेहून जास्त रुपये वाढतात आणि कागदावर ते घर रेषेच्या वर चढते. प्रत्यक्षात ते बुडालेले असते.

म्हणून खर्चाच्या पाहणीशेजारी कर्जाची पाहणी ठेवावी लागते. कर्ज आणि गुंतवणुकीच्या अखिल भारतीय पाहणीची प्रसिद्ध झालेली शेवटची फेरी 2019ची आहे. तीनुसार ग्रामीण भागातली 35 टक्के आणि शहरांतली 22.4 टक्के कुटुंबे कर्जदार होती आणि ग्रामीण कर्जाचा एकतृतीयांश भाग बँका-सोसायट्यांबाहेरचा होता. त्याच वर्षीच्या शेतकरी कुटुंबांच्या पाहणीत महिन्याचे सरासरी उत्पन्न 10,218 रुपये निघाले. त्यात मजुरीचे 4063 आणि पिकांचे 3798. शेतकरी म्हणवणारे घर पिकांपेक्षा मजुरीवर जास्त जगते, हे एका ओळीत कळते. मात्र कर्जाची ही पाहणी साधारण दशकातून एकदा होते. मायक्रोफायनान्स आणि मोबाइल अॅपवरच्या कर्जांनी त्यानंतर घराघरांत काय केले, ते तीत नाही.

उत्पन्नाची नियमित राष्ट्रीय पाहणी तर भारतात नव्हतीच. 2025मध्ये केंद्राने ती पहिल्यांदा घेण्याचे जाहीर केले आणि तज्ज्ञगटाचे अध्यक्षपद सुरजित भल्ला यांच्याकडे दिले. महागाईच्या निर्देशांकाची स्थिती आणखी बोलकी होती. शेतमजुरांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक 1986-87 हे आधारवर्ष धरून 2025च्या मध्यापर्यंत काढला जात होता. मोबाइल नावाची वस्तू नव्हती, त्या काळातल्या खर्चाच्या नमुन्याने चाळीस वर्षांनंतरच्या मजुराची महागाई मोजली जात राहिली.

सरकारी कचेऱ्यांतल्या नोंदी ही पोकळी भरत नाहीत. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंब ठरायला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000 रुपये आहे. शहरात पाच हजारांहूनही कमी महिना. केशरी शिधापत्रिकेची एक लाखाची मर्यादा 1999पासूनची आहे. नियमित मजुरी मिळणारे घर आज सहसा या मर्यादांत बसत नाही. त्यामुळे तहसीलदाराचा दाखला काढताना स्वयंघोषणापत्रात योजनेच्या मर्यादेखालचे उत्पन्न लिहिले जाते. मर्यादाच अशक्य ठेवली की खोटे लिहिणे भाग पडते. पुढे तीच शिधापत्रिका पुरावा बनते. लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांची मर्यादा होती, पण पिवळे किंवा केशरी कार्ड असलेल्यांना उत्पन्नाचा दाखला माफ होता. याच राज्याच्या आर्थिक पाहणीत 2024-25चे दरडोई उत्पन्न तीन लाखांच्या वर आहे. ती सरासरी मुंबई आणि गडचिरोली एकत्र मिसळून येते. 2015-16मध्ये ज्या नंदुरबारमध्ये निम्म्याहून अधिक लोक बहुआयामी गरीब होते, तिथल्या एकाही घराचे वर्णन त्या सरासरीत नाही.

विश्वासार्हतेची कसोटी

यावरून सगळेच आकडे खोटे, असा निष्कर्ष काढणे हा आळस आहे आणि तो सत्तेच्या सोयीचा आहे. आकडे नकोत म्हटले की गरिबांकडे पुरावा उरत नाही. ज्या आकड्यामागची रेषा रुपयांत सांगितलेली आहे, पाहणी प्रत्यक्ष झालेली आहे, प्रश्नावली आणि कच्ची माहिती खुली आहे, पद्धत बदलली असेल तर तुलनेच्या मर्यादा लिहिलेल्या आहेत आणि प्रसिद्धीची तारीख निकाल पाहून ठरलेली नाही, तो आकडा विश्वासार्ह. या कसोटीवर 2022-23 आणि 2023-24च्या खर्चाच्या पाहण्या बऱ्याच अंशी उतरतात, कारण त्यांची कच्ची माहिती खुली आहे. त्यांच्यावरून काढलेला पाच टक्क्यांचा निष्कर्ष उतरत नाही, कारण तो सांगताना त्याची रेषा सहसा रुपयांत समोर मांडली जात नाही.

मागण्या साध्या आहेत. आजच्या भाड्याचा, शाळेचा आणि दवाखान्याचा खर्च धरून नवी रेषा ठरवणारी समिती नेमावी. 2017-18ची कच्ची माहिती दोषांसह खुली करावी. कर्जाची पाहणी दर तीन वर्षांनी घ्यावी. शिधापत्रिकेच्या उत्पन्नमर्यादा किमान वेतनाशी जोडाव्यात. आणि वाचकांनी, पत्रकारांनी, आमदार-खासदारांनी रुपयांतली रेषा आणि पाहणीचे वर्ष विचारल्याशिवाय गरिबीची कोणतीही टक्केवारी स्वीकारू नये. तेंडुलकर रेषेवरचा 2011-12चा आकडा हा भारत सरकारने जाहीर केलेला गरिबीरेषेवरचा शेवटचा अधिकृत आकडा आहे. त्यानंतरचे सगळे अंदाज आहेत आणि अंदाजाने वाद मिटत नाही.